अरेच्चामामाचं पाचवं पुस्तक

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मामांना गेली चाळीस वर्षं सगळे अरेच्चामामा म्हणत होते, आणि त्या नावात त्यांचा स्वतःचा काडीचाही वाटा नव्हता. नाव ठेवलं होतं त्यांच्या थोरल्या बहिणीनं. ताईनं मुलांसाठी चार पुस्तकं लिहिली. एका घरातली पाच भावंडं, त्यांची शिस्तीची आई आणि त्या आईचा विसराळू भाऊ. हा भाऊ छत्री आणायला जाई आणि चपला दुकानात विसरून अनवाणी परत येई. टपालपेटीत पत्राऐवजी घराची किल्ली टाकी. एकदा भाचीला शाळेतून आणायला गेला आणि दुसऱ्याच कुणाची मुलगी हाताला धरून घरी घेऊन आला. दर वेळी कपाळावर हात मारून तो म्हणायचा, "अरेच्चा!" की पाची भावंडं हसून गडाबडा लोळायची. वाचणारी मुलंही लोळायची. ती मुलं मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना तीच पुस्तकं वाचून दाखवली, आणि तीही लोळली.

खरे मामा विसराळू नव्हते. कुठल्या गिऱ्हाइकाच्या मशीनचा कुठला स्क्रू कोणत्या साली बदलला, हे ते वही न उघडता सांगत. 'अरेच्चा' हा शब्द पहिलं पुस्तक येईपर्यंत त्यांच्या तोंडून कधी निघालेला कुणाला आठवत नव्हता. शाळेची ती गोष्टही तशी घडली नव्हती. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीला न्यायला कुणी आलंच नव्हतं, फाटक बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून मामा दोघींना घेऊन घरी आले आणि तिच्या घरच्यांना निरोप धाडला. "गोष्टीत दोन मुली मावत नव्हत्या रे," ताई म्हणाली होती, "एक काढावी लागली." काढली ती नेमकी भाची. मामाही तेव्हा पोट धरून हसले होते. गोष्ट तशीच जास्त चांगली झाली होती, हे त्यांना दिसत होतं.

मग दुकानात बदल झाला. मशीन ठेवून जाताना लोक चिठ्ठी लिहून ठेवू लागले, वर तीन-तीनदा फोन करू लागले, "मामा, विसरला नाहीत ना?" आईबापांबरोबर आलेली पोरं काउंटरला हनुवटी टेकवून वाट बघत उभी राहायची. मग मामा चष्मा कपाळावर सरकवायचे, दोन्ही खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा! चष्मा कुठे गेला?" पोरं किंचाळायची. एवढ्यानं कुणी हसत असेल तर आपलं काय जातंय, असं मामांना वाटे.

ताईला जाऊन सहा वर्षं झाली होती. पुस्तकांचे हक्क तिनं मुलगी आणि भाऊ अशा दोघांच्या नावे ठेवले होते. काही नवं करायचं तर दोघांच्याही सह्या लागत. भाची दातांची डॉक्टर. घर आधी ताईचं, आता तिचं, आणि मागची खोली ती तीन वर्षांची असल्यापासून मामांची. कागदपत्रं ती बघायची. ती बोट ठेवील तिथे मामा सही करायचे.

प्रकाशकांचा फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. पाचवं पुस्तक काढायचं म्हणत होते. प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेनं ते लिहिलं होतं, संपादकांना फार आवडलं होतं. दोन प्रती घरी पाठवल्या. दोन्ही भाचीच्या हाती पडल्या आणि तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर भांडी अशी काही आदळली की मामांनी विचारलंच, "काय झालं गं? आणि माझी प्रत कुठाय?"

"तू वाचू नकोस. मी नाही म्हणून कळवते."

"इतकं वाईट लिहिलंय?"

"वाईट लिहिलं असतं तर बरं झालं असतं." ती खुर्ची ओढून बसली. "त्यात तू घर सोडून जातोस."

"मी?"

"तू म्हणजे तो. अरेच्चामामा. पहिल्याच पानावर हत्यारांची पेटी उचलतो आणि चालू लागतो. आईच्या घरातून! लोकांनी इतकी वर्षं जीव लावला त्या घराला."

"चप्पल घालून जातो का?"

भाचीला हसू आलं नाही. "मामा, मस्करी नको." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डब्याशेजारी प्रत ठेवलेली होती.

मामांनी ती दुपारी दुकानात वाचायला घेतली. समोर एक मशीन उघडं होतं, टाके सोडत होतं म्हणून आलेलं. ते तसंच राहिलं. पुस्तकातली भावंडं आता मोठी झाली होती. मामा नाहीसा झाला म्हटल्यावर त्यांना वाटलं, घराचा रस्ताच विसरला असणार. त्यांनी बसस्थानक पालथं घातलं, दवाखाने धुंडाळले. सातव्या प्रकरणात थोरल्याला तो सापडला. दोनच गल्ल्या पलीकडे, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन राहिला होता. खोलीत प्रत्येक वस्तू जागच्या जागी. त्याला पाची भावंडांचे वाढदिवस पाठ होते, कोणाला कसली औषधं चालत नाहीत तेही. थोरला आ वासून बघत राहिला. "मग इतकी वर्षं ते सगळं काय होतं?" त्यानं विचारलं. आणि पुस्तकातला मामा म्हणाला, "तुम्ही हसायचात. आणि दुसरं काही मला कुणी विचारतच नव्हतं."

मामांनी पान पालथं ठेवलं.

गिऱ्हाईक आलं, मशीन झालं का विचारून गेलं. संध्याकाळी या, असं मामांनी त्याला सांगितलं असावं, कारण तो संध्याकाळी आला आणि मशीन तसंच उघडं होतं. "विसरलात ना?" तो हसत म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.

आठवड्यानं प्रकाशकांच्या कचेरीत बैठक झाली. लांबट खोली, भिंतीला टेकवलेले पुस्तकांचे गठ्ठे, खिडकीतला पंखा घरघरत होता. शिक्षिका पस्तिशीची, बोटांची नखं कुरतडलेली. मामा आत आले तशी ती उठून उभी राहिली आणि मग बसायचंच विसरली.

भाचीनं वेळ घालवला नाही. "तुम्हाला नवं पात्र सुचत नव्हतं का?"

"सुचलं असतं," शिक्षिका म्हणाली. "पण मला हाच माणूस छळत होता. मी ही पुस्तकं आठव्या वर्षी वाचली. आता वर्गात वाचून दाखवते. चारही पुस्तकांत मामाला एकसुद्धा प्रश्न कुणी विचारत नाही. 'माझी पिशवी कुठे हरवलीस?' एवढाच. मी शोधून शोधून बघितलं. तो रात्री कुठे झोपतो, तेही चार पुस्तकांत नाही."

"विनोदी पुस्तक आहे ते! सगळ्यांच्या झोपायच्या जागा सांगत बसले तर गोष्ट कधी सांगणार?" भाचीचा आवाज चढला. "माझ्या दवाखान्यात दाढ काढायला आलेलं पोर ते पुस्तक छातीशी धरून खुर्चीत बसतं. तोंड उघडतं ते हसताना. उद्या तुमचं वाचून तेच पोर पहिलं पुस्तक उघडेल, आणि त्याला वाटेल, आपण एका दुःखी माणसाला हसतोय. तुम्हाला कळतंय का? तुम्ही पाचवं लिहीत नाही आहात. तुम्ही पहिली चार बदलताय."

प्रकाशक मध्ये पडले. वाचक मोठे झालेत, काळ बदललाय, असं दोन दगडांवर पाय ठेवून काहीतरी बोलले, आणि मग तिघंही मामांकडे बघू लागले.

"नवव्या प्रकरणात," मामा म्हणाले, "तो खालच्या दोऱ्याची बॉबिन उलटी बसवतो. तशी बसवली तर दोरा खाली गोळा होऊन अडकेल. हा माणूस चाळीस वर्षं मशीन दुरुस्त करतोय ना?"

प्रकाशक मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, मामांनी ठेवणीतला विनोद काढला. मामांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं, तेव्हा ते थांबले.

"मला आठ दिवस द्या," मामा म्हणाले.

परत येताना भाची गाडी चालवत होती. दवाखान्यासमोर तिनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि समोर बघतच विचारलं, "तुला जायचं होतं का?"

मामांनी लगेच नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. जीभ तशी वळलीही होती. पण सकाळपासून एक अनोळखी बाई त्यांच्या बाजूनं प्रश्नांची मोजदाद करत बसली होती, आणि आता प्रश्न आलाच होता तर तो झटकून टाकणं त्यांना बरं वाटेना.

"एकदा," ते म्हणाले. "तुझे बाबा गेले त्याच वर्षी. कपड्यांचा मोठा कारखाना होता, दुसऱ्या शहरात. अडीचशे मशीन. त्यांची देखभाल माझ्याकडे देणार होते. राहायला खोली. मी जाऊन बघून आलो होतो."

"आई काही बोलली नाही कधी."

"तिला सांगितलंच नाही मी."

"माझ्यामुळे राहिलास."

"तुझ्यामुळे. ताईमुळे. थोडं माझ्यामुळेही. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि नळ तळमजल्यावर." भाचीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते जरा घाईनं पुढे म्हणाले, "हे बघ, राहिल्याचा पस्तावा नाही मला. तुला वाढवलं, ते मला आवडलं. पण त्या वेळी ताईनं किंवा कुणी विचारलं असतं ना, की बाबा रे, तुझं काय, तर बरं वाटलं असतं. उत्तर मी तेच दिलं असतं."

भाचीनं किल्ली बोटात फिरवली. "मीही नाही विचारलं," ती म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षांची झाले."

"तू लहान होतीस."

"सत्तेचाळीस म्हणजे लहान नाही, मामा." तिनं डोळे पुसले, घड्याळ पाहिलं. "एकाची अक्कलदाढ काढायचीय. जाते. सहीचं तू ठरव. तू करशील तर मी करीन. पण मला ते पुस्तक आवडलेलं नाही आणि आवडणारही नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

मामांनी शिक्षिकेला दुकानात बोलावलं. ती शाळा सुटल्यावर आली. आधी त्यांनी तिला मशीन उघडून दाखवलं, बॉबिन कशी बसते, दोरा कुठून येतो. तिनं तीनदा स्वतः बसवून पाहिली, तिसऱ्यांदा बरोबर जमली. मग मामांनी पंधरावं प्रकरण काढून काउंटरवर ठेवलं.

त्या प्रकरणात भावंडांची आई, म्हणजे ताईनं स्वतःवरून लिहिलेली ती शिस्तीची आई, जिना चढून भावाच्या खोलीवर येते. दारात उभी राहून रडते. म्हणते, "चुकलं माझं. तुझं हसं करून मी घर हसतं ठेवलं." प्रकाशकांच्या कचेरीत हे वाचून दोन माणसं रडली होती म्हणे.

"हे काढा," मामा म्हणाले.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. "मामा, सगळं पुस्तक मी या पानासाठी लिहिलंय."

"ताई असं म्हणाली नसती."

"पण ही तुमची ताई नाही. पुस्तकातली आई आहे."

"आणि तो पुस्तकातला मामा. त्याला तुम्ही घराबाहेर काढलंत, मी काही म्हटलं? उद्या त्याला जहाजावर पाठवा, म्हातारपणी त्याचं लग्न लावा. पुढे काय होतं ते तुमचं. पण मागचं चुकलं होतं असं तिच्याच तोंडून वदवायचं, आणि ती उत्तर द्यायला इथे नाही, हे मला पटत नाही. तिला जे लिहायचं होतं ते तिनं लिहिलं. त्यावर तिची सही आहे."

शिक्षिका हट्टी होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. पुस्तक तिनं चार वर्षं लिहिलं होतं. तिनं नजर न हटवता विचारलं, "तुम्हाला कधी माफी नको होती? खरं सांगा."

मामांनी तेलाची कुपी उचलली, खाली ठेवली. "हवी होती की. दोन-चारदा तरी. पण ती तिच्याकडून हवी होती. तुमच्याकडून घेऊन काय करू?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर खाली ओढलं. शिक्षिकेनं पर्समधून वही काढली, पेन शोधलं. तिचा आवाज रागीटच होता. "मग ती जिना चढून आली, तर काय बोलेल?"

"आधी जिन्याला नावं ठेवील. पायऱ्या उंच आहेत, कठडा हलतोय. मग खोलीभर नजर फिरवील. खिडकीला पडदा नाही म्हणेल, उन्हानं मशीनचा पट्टा वाळून तडकेल. मग एकुलत्या एका खुर्चीवर बसेल आणि दोन तास घरचं सांगत बसेल. कुणाची परीक्षा, कुणाचा खोकला. मला बोलू द्यायची नाही."

"आणि जाताना?"

"जाताना काही नाही. निरोप घ्यायची तिला सवयच नव्हती. चप्पल घालता घालतासुद्धा बोलणं चालूच."

शिक्षिकेनं लिहिलेलं वाचून पाहिलं. "यातून वाचकाला काय मिळणार?"

"ते मला काय माहीत," मामा म्हणाले. "मला मिळायचं."

ती धड निरोप न घेता गेली. प्रकाशकांनी दोनदा फोन करून सांगितलं की ते पान म्हणजे पुस्तकाचा आत्मा आहे. मामांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि सही केली नाही. अकराव्या दिवशी एक पाकीट दुकानात आलं. आत पंधरावं प्रकरण होतं, नव्यानं लिहिलेलं.

आई जिना चढली, कठड्याला नावं ठेवली. पडदा नाही म्हणाली. दोन तास घरचं सांगितलं. आणि मग, बोलणं न थांबवता, ती उठून खिडकीशी गेली आणि वितीनं खिडकीचं माप घेऊ लागली. उभं साडेपाच विती, आडवं चार. माप घेताना तिची पाठ भावाकडे होती. भावाला वाटलं, ही आत्ता म्हणेल, चल घरी. ती म्हणाली, "गुरुवारी शिवून आणते. निळा चालेल ना तुला?"

मामांनी ते उभ्यानंच वाचलं. विती त्यांनी सांगितल्या नव्हत्या. पण ताई टेप कधीच वापरत नसे. दुकानदाराची टेप लबाड असते म्हणायची. हे त्या बाईला कुठून कळलं, हे मामांनी पुढेही तिला विचारलं नाही. बहुतेक कळलं नव्हतं, नुसतं सुचलं होतं. त्यांनी घरी जाऊन भाचीसमोर कागद ठेवले आणि सही केली. भाचीनंही केली, पेन आपटून.

पुस्तक पावसाळ्याच्या शेवटी आलं आणि जो धुरळा उठायचा तो उठला. एका वर्तमानपत्रानं विश्वासघात म्हटलं, दुसऱ्यानं धाडस. काही आईबापांनी प्रती परत पाठवल्या. शिक्षिकेला तिच्याच शाळेतल्या एका मुलाच्या आजोबांनी फाटकात अडवून सुनावलं की त्यांचं बालपण तिनं नासवलं. ती तीन दिवस शाळेत गेली नाही, मग गेली. मामांकडेही लोक येत. कुणी हळूच विचारी, "मामा, तुमचं खरंच तसं होतं का हो?" आणि जे विचारत त्यांना मामा खरं तेवढं सांगत. पहिल्या महिन्यात त्यांनी जेवढं स्वतःबद्दल सांगितलं असेल, तेवढं आधीच्या सत्तर वर्षांत सांगितलं नसेल. त्यातल्या निम्म्या लोकांचं मशीन बिघडलेलंही नव्हतं.

भाचीनं पाचवं पुस्तक दवाखान्यात ठेवलं, पण वरच्या फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही असं. पहिली चार खालीच राहिली. तिचं म्हणणं होतं की आधी दहा वर्षं पोटभर हसावं, मग वाटल्यास वरची फळी गाठावी. मामांना हे पटलं. पुढे हिवाळ्यात एकदा जेवताना ती एकदम म्हणाली, "पडद्याचं वाचलं." मामांनी वर पाहिलं. "आईनं निळा कधीच निवडला नसता," ती म्हणाली, "पण बाकी ठीक आहे." आणि मग तिनं त्या कारखान्याबद्दल विचारलं. कुठलं शहर, कसली मशीनं, कोणाबरोबर गेला होतास. जेवण गार झालं तरी विचारत राहिली.

त्याच सुमारास एक शिवणकाम करणारी बाई मशीन घ्यायला आली, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलगी काउंटरपासून दोन हात लांब उभी राहिली, हाताची घडी घालून. आईनं पुढे ढकललं तरी हलेना.

"रुसलीय तुमच्यावर," आई म्हणाली. "मोठ्या भावाचं पाचवं पुस्तक चोरून वाचलं."

"मला ते खोटं वाटतं," मुलगी म्हणाली. "पहिली चार खरी आहेत. तुम्ही रागावलात तरी चालेल."

"कशाला रागावू?" मामा मशीनचं चाक हातानं फिरवून बघत होते. "तुला कितवं आवडतं?"

"तिसरं."

"मलाही तिसरंच."

मुलगी जरा पुढे आली. "मग पाचवं?"

"पाचवं मी दोनदा वाचलं."

तिनं यावर विचार केला. हे रुसवा सोडण्याइतकं होतं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. तेवढ्यात तिच्या आईनं मशीन चालवून बघायला चिंधी मागितली, मामांनी ती सुईखाली सरकवली, आणि तिघांनी वाकून पाहिलं. टाका सरळ पडत होता.